एक्सेल ०.५२ म्हणतं, एसपीएसएस ०.६१ म्हणतं: स्पिअरमन काढताना घोळ नेमका कुठे होतो

प्रश्न असा आहे. एका विद्यार्थिनीने यावल तालुक्यातल्या ४२ केळी उत्पादकांकडून प्रश्नावली भरून घेतली आहे. ठिबकमधून खत किती नियमित देता, याचं उत्तर पाच पायऱ्यांत (कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बहुतेकदा, नेहमी) आणि बागेची सरासरी रास, म्हणजे घडाचं वजन, किलोत. या दोहोंचा स्पिअरमनचा क्रम सहसंबंध, म्हणजे आपण सगळे ज्याला रँक कोरिलेशन म्हणतो तो, तिला काढायचा आहे. एक्सेलमध्ये पुस्तकातल्या सूत्राने ०.५२ आला. एसपीएसएस या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये ०.६१. आर या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही ०.६१, पण खाली लाल अक्षरांत इशारा, की टाय (म्हणजे सारखे आकडे) असल्यामुळे अचूक पी-मूल्य (संबंध नसतानाही निव्वळ नशिबाने एवढा आकडा येण्याची शक्यता) काढता येत नाही. मार्गदर्शक म्हणतात, सॉफ्टवेअरवर विसंबू नका, सूत्राने आलेलं लिहा. तिचा प्रश्न: खरं कोणतं?

ताई, आधी घाबरणं सोडा. ०.६१ देणाऱ्या दोन्ही सॉफ्टवेअरची गणितं बरोबर आहेत. पण म्हणून ०.६१ हेच तुमच्या प्रबंधातलं उत्तर, असंही मी लगेच म्हणणार नाही. मी जळगावात बरीच वर्षं संख्याशास्त्र शिकवलं, आणि आता निवृत्तीनंतर धुळे, शहादा, चोपड्याकडची मुलं आपापले तक्ते घेऊन घरी येतात. दोन सॉफ्टवेअरची उत्तरं जुळत नाहीत ही तक्रार दर हंगामात असते, आणि दहातल्या नऊ वेळा भांडण सॉफ्टवेअरचं नसतंच. ते सूत्रापर्यंत पोहोचण्याआधी, कच्च्या माहितीतच लागलेलं असतं. तुमच्या बाबतीत मला दोन वेगवेगळी भांडणं दिसताहेत. एक टायचं. दुसरं, तुम्ही पाठवलेल्या एसपीएसएसच्या तक्त्यात एन (जोड्यांची संख्या) ३९ आहे, ४२ नाही. त्याकडे नंतर येतो.

टायचं भांडण आठ ओळींत दाखवतो. कागद-पेन घ्या, खरंच. समजा आठ शेतकरी आहेत. त्यांचे नियमितपणाचे गुण आणि रास अशी:

पहिला: गुण २, रास १६ किलो
दुसरा: गुण ३, रास १९
तिसरा: गुण ३, रास १७
चौथा: गुण ४, रास १८
पाचवा: गुण ४, रास २३
सहावा: गुण ४, रास २१
सातवा: गुण ५, रास २२
आठवा: गुण ५, रास २४

राशीला क्रम देणं सोपं आहे. सगळे आकडे वेगळे, १ ते ८ सरळ लावून टाकायचे. गुणांना मात्र अडचण येते. ४ गुणवाले तिघे आहेत आणि त्यांच्या वाट्याला चौथी, पाचवी, सहावी अशा तीन जागा आहेत. कोणाला पुढे उभं करणार? कोणालाच नाही. तिघांना त्या जागांची सरासरी, म्हणजे ५. तसंच ३ गुणवाल्या दोघांना २.५ आणि ५ गुणवाल्या दोघांना ७.५. मग गुणांचे क्रम होतात: १, २.५, २.५, ५, ५, ५, ७.५, ७.५. राशीचे क्रम त्याच ओळीने १, ४, २, ३, ७, ५, ६, ८. फरक काढा, वर्ग करा, बेरीज करा. बेरीज १३ येते.

आता सरांचं सूत्र: १ मधून वजा करायचं ६ गुणिले वर्गांची बेरीज, भागिले एन गुणिले (एनचा वर्ग वजा १). म्हणजे ७८ भागिले ५०४, आणि उत्तर ०.८४५. पण याच क्रमांच्या दोन स्तंभांवर साधा पिअर्सन सहसंबंध (आकड्यांवर थेट काढतात तो नेहमीचा) काढला तर येतो ०.८४०. खरा स्पिअरमन हा दुसरा. एसपीएसएस आणि आर हाच काढतात.

दोघांत फरक का पडला, ते एकदा कळलं की आयुष्यभराची कटकट मिटते. हे सूत्र म्हणजे पिअर्सनचंच सुटसुटीत रूप आहे. ते सुटसुटीत करताना असं धरलंय की १ ते एन हे आकडे प्रत्येकी एकदाच येणार. मग क्रमांच्या विखुरणीची बेरीज (सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची) ठरलेलीच असते. आठ जणांसाठी ती ४२. टाय आला की आकडे एकमेकांजवळ सरकतात आणि विखुरणी कमी होते. आपल्या उदाहरणात गुणांची विखुरणी ३९ वर आली. सूत्राला त्याचा पत्ता नाही, ते दोन्हीकडे ४२ च धरून चालतं. चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा सगळं हाताने करायचं होतं. त्या काळात आणि नंतरच्या कित्येक पिढ्यांना हे सूत्र वरदान वाटलं असेल तर नवल नाही. आमच्या प्रात्यक्षिक परीक्षेतही तेच असायचं. सर चुकीचं शिकवत नाहीत, फक्त त्या सूत्राची अट मध्ये कुठेतरी गळून गेली आहे. तुमच्याकडे ४२ जण फक्त पाच पायऱ्यांत बसवलेत. म्हणजे जिकडे तिकडे टायच टाय, आणि अट पार मोडलेली.

पण आठ ओळींत फरक ०.००५ चा आणि तुमच्याकडे ०.०९ चा, हे कसं? तर एक्सेलमध्ये तुम्ही क्रम लावायला बहुधा साधं रँक किंवा रँक डॉट ईक्यू हे फंक्शन वापरलंय. ते सरासरी क्रम देत नाही. शाळेच्या गुणवत्ता यादीसारखं काम करतं: दोघे पहिले आले की पुढचा थेट तिसरा. आपल्या आठ जणांवर ते चालवा (लहानाकडून मोठ्याकडे). गुणांचे क्रम येतील १, २, २, ४, ४, ४, ७, ७. वर्गांची बेरीज १७ होते आणि सूत्राचं उत्तर ०.७९८. याच क्रमांवर कोरेल (एक्सेलचं पिअर्सन काढणारं फंक्शन) लावलं तर ०.८२३. आणि गंमत पुढे आहे. क्रम उलटे लावा, म्हणजे सर्वांत मोठ्याला १ (एक्सेल आपणहून असंच करतं), आणि पुन्हा कोरेल काढा: ०.८४१! माहिती तीच, शेतकरी तेच, फक्त रांग कुठल्या टोकाकडून मोजली एवढंच बदललं आणि उत्तर हललं. सरासरी क्रमात असं कधीच होत नाही. माझ्या मते रँक डॉट ईक्यू या कामाला न वापरण्याचं हे एवढं एकच कारण पुरे आहे.

एक्सेलमध्येच करायचं असेल तर रँक डॉट एव्हीजी वापरा. ते २०१० च्या आवृत्तीपासून आहे. दोन्ही स्तंभांचे क्रम काढा आणि त्यांच्यावर कोरेल. स्पिअरमनचं तयार फंक्शन एक्सेलमध्ये नाही, हा दोन पावलांचाच रस्ता आहे. दोन ठेचा इथे नेहमी लागतात. डॉलरची खूण न घालता सूत्र खाली ओढलं की पल्लाही सोबत खाली सरकतो आणि तळाच्या शेतकऱ्याला न चुकता पहिला क्रम मिळतो. कोणाचा तळाचा क्रम १ दिसला की मी पुढचं काही न बघता डॉलर तपासायला सांगतो. दुसरी: एक स्तंभ चढता आणि एक उतरता लावला तर चिन्ह उलटतं आणि खत दिल्याने रास घटते असा शोध लागतो.

आता ४२ आणि ३९ चं भांडण. हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण याचं उत्तर कुठल्याही सॉफ्टवेअरकडे नाही. तुमच्या फाइलमध्ये तीन बागांसमोर रास रिकामी आहे आणि शेऱ्यात 'वादळात बाग आडवी' असं लिहिलंय. एक्सेलमध्ये रिकाम्या खान्यामुळे चूक दाखवली जायला लागली म्हणून तिथे तुम्ही शून्य भरलं असणार. एसपीएसएसने रिकामे खाने सोडून दिले. आरमधलं कोर डॉट टेस्टही अपुऱ्या जोड्या न विचारता वगळतं. (साधं कोर मात्र एनए दाखवून मोकळं होतं. पायथनच्या सायपायमधलं स्पिअरमन-आरही असंच, नॅन दाखवतं. पांडाज मात्र गुपचूप वगळून पुढे जातं.) म्हणजे तुम्ही एकाच प्रश्नाचं उत्तर दोनदा काढलेलंच नाही. एकदा ४२ बागांचं काढलं, एकदा ३९ चं.

शून्य बरोबर की रिकामं? ते तुमचा प्रश्न काय आहे यावर ठरतं. मे-जूनचं वादळ रावेर-यावलकडे बाग कशी झोपवतं हे तुम्ही पाहिलंय. खत नियमित दिलं म्हणून वारा चुकत नाही. खतामुळे घड भरतो का, हा प्रश्न असेल तर त्या तीन बागांनी याबद्दल काही सांगितलंच नाही, त्या वगळा आणि वगळल्याचं लिहा. पण शेतकऱ्याच्या हाती शेवटी काय पडलं हा प्रश्न असेल तर शून्य हे खरं शून्य आहे. मी पहिलं निवडलं असतं. एक लक्षात घ्या: क्रम लावताना शून्य लिहिलं काय आणि ३ किलो लिहिलं काय, सगळ्यांच्या खालचाच क्रम मिळणार. तीन शून्यं असली तर प्रत्येकी २. त्या तीन बागांत नेहमी खत देणारे कोणी असतील तर आकडा खाली ओढला जाणार, आणि तुमचा ०.५२ मला त्यातूनही आलेला दिसतो. वगळायचंच ठरलं तर आधी वगळा, मग क्रम लावा. ४२ जणांचे गुणांचे क्रम आणि ३९ जणांचे राशीचे क्रम एकमेकांसमोर ठेवले तर तो स्पिअरमन राहत नाही.

लाल इशाऱ्याचं एवढं मनावर घेऊ नका. आर चूक झाली म्हणत नाही. टाय नसताना पी-मूल्य ज्या नेमक्या मोजणीने निघतं ती इथे लागू नाही, म्हणून मी टी-वितरणाचा अंदाज वापरला, एवढंच ते सांगतंय. एसपीएसएसही तोच अंदाज वापरतं, फक्त बोलून दाखवत नाही. इशारा नको असेल तर कोर डॉट टेस्टमध्ये एक्झॅक्टला फॉल्स करा. तुमच्या ३९ जोड्या आणि ०.६१ ला टी साधारण ४.७ येतो, पी ०.००१ च्याही खाली. इथे अंदाज आणि अचूक यांत निष्कर्ष बदलण्याची सोय नाही. त्याच आउटपुटमध्ये 'एस' नावाचा आकडा दिसेल, तो वर्गांच्या बेरजेशी जुळला नाही म्हणून गोंधळू नका. आपल्या आठ ओळींना हाताने १३ आले, आर १३.४३ दाखवतं. टाय असताना ते आधी सहसंबंध काढतं आणि त्यावरून उलटं एस बनवतं.

नमुना लहान असेल तर मात्र मी जपून राहतो. आपल्या आठ जणांचंच घ्या. टीच्या अंदाजाने ०.८४० चा पी ०.०१ च्या किंचित खाली येतो, एसपीएसएस त्यावर दोन तारे लावून देईल. जुन्या कोष्टकात मात्र आठ जोड्यांसाठी १ टक्का पातळीची मर्यादा ०.८८१ आहे. तिथे हा आकडा बसत नाही, ५ टक्क्यांची ०.७३८ मात्र पार करतो. कोष्टक टाय नसलेल्या माहितीसाठीचं, हे खरं, पण कल कळतो: थोड्या जोड्या असताना अंदाज जरा उदार होतो. अशा वेळी मी चिठ्ठ्यांचा मार्ग धरतो. गुण जागेवर ठेवायचे, राशी फेटून पुन्हा वाटायच्या, दर वेळी स्पिअरमन काढायचा आणि बघायचं की निव्वळ नशिबाने एवढा मोठा आकडा किती वेळा येतो. आठ राशींच्या मांडण्या फक्त ४०,३२०, संगणक सगळ्याच तपासून मोकळा होतो.

आता एक सुचवणी, सरांना पटली तर. इतके टाय असताना स्पिअरमनच्या जोडीला केंडलचा टाऊ-बी द्या. मॉरिस केंडल यांनी १९३८ मध्ये मांडलेल्या टाऊमागचा विचार मला शेतकऱ्याला समजावून सांगता येतो, म्हणून तो आवडतो. दोन-दोन शेतकरी समोरासमोर उभे करायचे. ज्याचा नियमितपणा जास्त त्याचीच रास जास्त असेल तर जोडी सुलटी, नाहीतर उलटी. आपल्या आठ जणांच्या २८ जोड्या होतात: २१ सुलट्या, २ उलट्या, ५ जोड्यांत गुण सारखे म्हणून निकाल नाही. टाऊ-बी त्या बरोबरीचा हिशेब भाजकात धरतं आणि उत्तर ०.७५ येतं. एसपीएसएसमध्ये ॲनालाइझ, कोरिलेट, बायव्हेरिएट या खिडकीत स्पिअरमनच्या शेजारीच त्याची चौकट आहे. पिअर्सनची चौकट आधीच टिकलेली असते, ती काढा. टाऊ स्पिअरमनपेक्षा बहुतेक वेळा लहान येतो. दोघांच्या मोजपट्ट्या वेगळ्या आहेत, त्यामुळे ०.८४ चा ०.७५ झाला म्हणून संबंध कमकुवत झाला असं होत नाही. मुलं इथे हमखास दचकतात.

हे सगळं करण्याआधी फाइल पुन्हा एकदा उघडा. प्रश्नावलीत 'माहीत नाही' ला ९ हा कोड दिला असेल तर तो ५ च्या वर बसतो आणि ज्याला ठाऊकच नाही तो शेतकरी सगळ्यांत नियमित ठरतो. हे मी दुसऱ्यांना सांगतो खरं, पण नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत माझ्याच एका अहवालात असे ९ राहून गेले होते. चूक लक्षात आली ती अहवाल बांधून झाल्यावर. दुसरी खोड मराठी उत्तरांची आहे. 'कधीकधी', 'नेहमी' असे शब्दच फाइलमध्ये असतील आणि आरला ते फॅक्टर (म्हणजे गट) करून आकड्यांत बदलायला सांगितलं, तर ते वर्णानुक्रम लावतं: कधीकधी १, कधीच नाही २, क्वचित ३, नेहमी ४, बहुतेकदा ५. एकही इशारा येत नाही, उत्तर मात्र कचरा. पायऱ्यांचा क्रम स्वतः लिहून द्या. आणि राशीच्या खान्यात '१८ किलो' असं लिहिलं असेल तर एक्सेलच्या लेखी तो आकडा नव्हे, मजकूर आहे.

मग विखुरणीचा आलेख काढा, अगदी साधा. स्पिअरमनला चढ कळतो, उतार कळतो, डोंगर कळत नाही. एका मर्यादेपर्यंत रास वाढली आणि पुढे घटली, असं सातपुड्यासारखं रूप असेल तर आकडा शून्याजवळ येईल आणि तुम्ही संबंधच नाही असं लिहून बसाल. आलेखात कांदेबाग आणि मृगबाग, म्हणजे लागवडीचे दोन हंगाम, वेगळ्या रंगांत दाखवा. तुमच्या ४२ मध्ये दोन्ही मिसळल्यात, उतिसंवर्धित रोपं आणि कंदही मिसळलेत. समजा मृगबागवाल्यांची रासही जास्त आणि नियमितपणाही जास्त निघाला, पण मृगबागेच्या आतल्या आत काहीच संबंध नाही. एकत्र आकडा तरीही देखणा येईल. दोन्ही बागांचे वेगळे काढून बघा. जोड्या कमी होतील, पी-मूल्य वाढेल, वाढू द्या. आणि नियमित खत देणाऱ्याची विहीर कशी आहे, जमीन काळी आहे की हलकी, हे तुमच्या प्रश्नावलीत नाही. तेव्हा 'खतामुळे रास वाढली' असं वाक्य चर्चेच्या प्रकरणात आलं तर बाहेरचे परीक्षक तिथेच पकडतील.

सरांशी बोलताना सूत्र चुकलं असं म्हणू नका. या आठ ओळी त्यांच्यासमोर ठेवा आणि त्यांनाच क्रम लावायला सांगा. ४ गुणवाल्या तिघांपाशी ते स्वतःच थांबतील. प्रबंधात मी असं लिहिलं असतं: 'वादळाने पडलेल्या ३ बागा वगळून ३९ बागांसाठी, समान गुणांना सरासरी क्रम देऊन काढलेला स्पिअरमन सहसंबंध ०.६१ (पी ०.००१ पेक्षा कमी)', त्याच वाक्यात पुढे टाऊ-बीचा आकडा, आणि खाली कांदेबाग-मृगबागेचे वेगळे. सॉफ्टवेअरचं नाव आणि आवृत्ती कार्यपद्धतीच्या प्रकरणात एका ओळीत. त्या तीन बागांसमोर शून्य धरून काढलेला आकडाही परिशिष्टात असू द्या, तोंडी परीक्षेला कोणीतरी विचारतंच. एक्सेलमध्ये रँक डॉट एव्हीजी लावून, ती तीन शून्यं काढून पुन्हा केलंत आणि तरी ०.६१ आला नाही, तर फाइलमधल्या पहिल्या दहा ओळी शेतकऱ्यांची नावं काढून इथे टाका, बघतो.